रायटरशिवाय

“मॅडम, मॉनिटर कुठंय?”

“आणला नाही.”

“घरी राहिला का?”

“राहिला नाही, आणलाच नाही. आणून काय करू? त्याच्यावर कपडे वाळत घालू?”

टेबलाभोवती मगदूम सरांची एक फेरी झाली, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा वाजला, आणि शेजारी बसलेली शाहिन खुदकन हसली. मला तिचा राग आला आणि बरंही वाटलं, कारण सकाळपासून पोर एक शब्द बोलली नव्हती.

सांगलीच्या एका कॉलेजातला परीक्षेचा हॉल होता तो. मगदूम सर तिथलं नेटवर्क सांभाळायचे. मी सुलभा कागवाडे, मिरजेजवळच्या अंध मुलींच्या शाळेत संगणक शिकवते. तेव्हाही शिकवत होते. मी जन्मापासून आंधळी. शाहिन मुजावर माझी विद्यार्थिनी, बी.ए. झालेली, तीही पूर्ण अंध. आम्ही दोघी शाळेचा संगणक रिक्षातून मांडीवर घेऊन आलो होतो. सतरंजीत गुंडाळलेला सीपीयू, कीबोर्ड, हेडफोन आणि वायरलेसचा बोटभर डोंगल, एवढाच आमचा संसार. आमच्या लॅबमध्ये मॉनिटर नावाची वस्तूच नव्हती. लोक जुने संगणक दान द्यायचे, त्यातले मॉनिटर आम्ही दारातूनच परत पाठवायचो, उगाच जागा अडते म्हणून. त्यामुळे काही अडलंनडलं तर डोळस माणसाला बघायला पडदा लागेल, ही गोष्ट ना माझ्या डोक्यात आली, ना शाहिनच्या. त्या हॉलमधले संगणक एकाच डब्याचे होते, पडदा सुटा करून आम्हाला लावून देण्याचीही सोय नव्हती.

एवढा खटाटोप कशासाठी, तर शाहिनला रायटर नको होता.

आमच्यात परीक्षेला रायटर बसतो. प्रश्न तो वाचून दाखवणार, उत्तर आपण सांगणार, खूण तो करणार. आदल्या वर्षी एका दूध संघाच्या क्लार्कच्या परीक्षेला शाहिनला असाच एक रायटर मिळाला. पहिला तासभर बरा वागला. मग कंटाळला. गणिताचे आकडे भरभर वाचायला लागला, दोनदा विचारलं तर उसासे टाकायला लागला. शेवटी शेवटी तर, शाहिनच्याच शब्दांत सांगायचं तर, “बाई, मी उत्तर सांगायच्या आधीच माउसची टिचकी वाजायची.” तक्रार करून उपयोग नव्हता. पुरावा काय देणार, टिचकीचा? निकाल लागला, ती नापास. तिनं घरी कुणाला काही सांगितलं नाही. माझ्याकडे आली आणि म्हणाली, की मी पुन्हा परीक्षा देईन, पण आता दुसऱ्याच्या हातानं नाही.

मग मी त्या परीक्षा घेणाऱ्यांच्या मागे लागले. माझा स्वभाव तसा चिवट. फोन केले, अर्ज केले, जयसिंगपूरच्या एका साहेबांच्या दारात जाऊन बसले. त्यांच्या संगणकांवर पडदा वाचून दाखवणारा आवाज नव्हता, आमच्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स चालायचा, त्यात तो होता, मराठीसुद्धा वाचणारा. म्हणून आमचाच संगणक आणायची परवानगी मागितली. मिळाली. पण अट अशी होती, की प्रश्नपत्रिका कॉलेजच्या वायरलेस नेटवर्कवरूनच उघडायची. हॉल नवा होता, भिंतीत वायरीच नव्हत्या. घंटा व्हायच्या आत तुमचा संगणक जोडला गेला तर ठीक, नाही तर रायटर घ्या. केंद्रप्रमुख देशिंगे सरांनी सकाळी आल्या आल्या ही अट मला पुन्हा ऐकवली. माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा पक्का. बाहेर बाकावर रायटर बसवून ठेवलाय, असंही त्यांनी सांगितलं. ते ऐकलं आणि शाहिननं माझा दंड इतका घट्ट धरला की मला तिचा हात सोडवावा लागला.

तर आम्ही जोडायला बसलो. शाळेत मी डोंगल आठवडाभर तपासला होता. तिथलं नेटवर्क घरगुती, एक पासवर्ड टाकला की झालं. कॉलेजचं प्रकरण वेगळं होतं. तिथं प्रत्येकाचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा, आणि वर एक सर्टिफिकेट. म्हणजे आपण नेटवर्कला ओळख दाखवायची आणि नेटवर्कनंही आपल्याला ओळखपत्र दाखवायचं, की बाबा मी कॉलेजचाच आहे, कुणी भुरटा नाही. सगळं बोलणं कुलपात. मगदूम सरांनी ते सर्टिफिकेट पेन ड्राइव्हवरून दिलं, मी जागेवर ठेवलं, शाहिनचं नाव घातलं, पासवर्ड घातला आणि एंटर दाबलं.

थोडा वेळ शांतता. मग हेडफोनमधून आवाज आला, पासवर्ड द्या.

पुन्हा दिला. पुन्हा तेच. एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत तिसऱ्यांदा दिला. पुन्हा पासवर्ड द्या. एखाद्या बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं झालं. मगदूम सरांनी तेच नाव आणि तोच पासवर्ड स्वतःच्या लॅपटॉपवर टाकून बघितला, तिथं चटकन जोडलं गेलं. म्हणजे शाहिनचं खातं बरोबर होतं. मग त्यांनी डोंगलवर संशय घेतला. स्वतःच्या खोलीतून दुसरा आणून लावला, त्यानंही तोच हट्ट धरला.

“या लिनक्सचंच काहीतरी असणार,” ते म्हणाले. “विंडोज असतं तर एव्हाना झालं असतं.”

“विंडोज असतं तर एव्हाना व्हायरस झाला असता,” मी म्हटलं. खरं सांगायचं तर हे मी नुसतं तोंडानं म्हटलं. मीच शाहिनला भरीला घातलं होतं. ती एकदा म्हणाली होती की दुसऱ्याच्या हातानं नाही, आणि मी तेवढ्यावर सगळा डोलारा उभा केला होता. आता तिला पुन्हा एका अनोळखी माणसाशेजारी बसवायची वेळ आली तर तोंड कुठं लपवू, असं मला झालं.

हॉलमध्ये मुलं येऊन बसायला लागली होती. खुर्च्या सरकत होत्या. देशिंगे सर आमच्यापाशी येऊन थांबले. त्यांनी सुपारी चघळलेली होती, वासावरून कळलं.

“झालं का मॅडम?”

“होतंय.”

“होतंय की झालं?”

“होतंय,” मी म्हटलं, आणि ते बूट वाजवत निघून गेले.

लिनक्सचं एक बरं आहे. तो मनात काही ठेवत नाही. काय केलं, कुठं अडलं, कुणी नाही म्हटलं, सगळं एका फाइलमध्ये लिहीत जातो. मी ती फाइल उघडली. आता आम्ही आमचा आवाज इतक्या वेगात ठेवतो की डोळस माणसाला वाटतं मिक्सर चालू आहे. शिवाय प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तारीख आणि वेळ असते. ती ऐकत कोण बसतो? चार वेळा बाण दाबायचा आणि थेट मुद्द्यावर यायचं, ही आमच्या सगळ्या मुलींची सवय, मीच लावलेली. तशा भराभर ओळी ऐकत गेले आणि एका ठिकाणी थांबले.

“सर, तो म्हणतोय सर्टिफिकेटची तपासणी फसली.”

“माझं सर्टिफिकेट बरोबर आहे,” मगदूम सर जरा दुखावल्यासारखे म्हणाले. “सगळा हॉल त्याच्यावरच चाललाय.”

मग त्यांनीच आवाज खाली आणून एक वाट सुचवली. सर्टिफिकेट तपासू नको, असं आपण संगणकाला सांगू शकतो. एक खूण करायची, तो डोळे मिटून समोर जो असेल त्याला जोडला जाईल. फक्त परीक्षेच्या कागदावर त्यांना तसा शेरा लिहावा लागणार होता, की या उमेदवाराचा संगणक तपासणी न करता जोडला.

मला मोह झाला. का खोटं बोलू? घंटा जवळ आली होती, आणि शेरा म्हणजे काय, कोपऱ्यातली एक ओळ. मी हो म्हणणार एवढ्यात शाहिन बोलली. तिचा आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता.

“नको सर. उद्या मी पास झाले तर कुणीतरी तो शेरा काढून दाखवेल. म्हणेल, आंधळीनं कुठंतरी जोडून घेतलं आणि कुणीतरी उत्तरं सांगितली. मला सगळ्यांसारखं जोडून द्या. नाहीतर राहू दे.”

मगदूम सरांनी खुर्ची ओढली आणि ते माझ्या शेजारी बसले.

“मॅडम, मला ऐकवा,” ते म्हणाले. “तो काय म्हणतोय ते पूर्ण. मला पडदा नाही, तर कानानं तरी बघू द्या.”

मी हेडफोनची एक बाजू त्यांच्याकडे वळवली आणि एक माझ्या कानाला लावली. दोघं डोकी जोडून बसलो. माझा नवरा आला असता तर काय म्हणाला असता कोण जाणे. पहिली ओळ चालू केली आणि सर दचकून मागं सरले. हे माणसाचं बोलणं आहे का, असं त्यांनी विचारलं. मग मी त्यांच्यासाठी वेग उतरवला. उतरवत उतरवत पार खाली आणला, पहिलीतल्या पोरीला अक्षर शिकवताना ठेवते तितका. आणि पाहुण्याला मधूनच कसं ऐकवायचं, म्हणून ओळीच्या अगदी सुरुवातीला जाऊन बसले.

तो संथ, रडका इंग्रजी आवाज म्हणाला, जॅन. वन.

“थांबा,” मी म्हटलं.

“काय झालं?”

“सर, आज तारीख काय?”

“एकोणीस ऑक्टोबर.”

“हा एक जानेवारी म्हणतोय.”

पुढची ओळ चालू केली. जॅन, वन. त्याच्या पुढची. जॅन, वन. मग तपासणी फसल्याची ती ओळ आली, आणि या वेळी मी ती शेवटपर्यंत जाऊ दिली. सर्टिफिकेट इज नॉट येट व्हॅलिड. हे सर्टिफिकेट अजून लागू झालेलं नाही. मघाशी मी ‘फसली’ ऐकल्यावर पुढं गेलेच नव्हते.

मी संगणकाला सरळ तारीख विचारली. त्यानं वर्षासकट सांगितली. पठ्ठ्या आठ वर्षं मागं बसला होता.

“तुम्ही हे सर्टिफिकेट कधी बनवलंत?” मी मगदूम सरांना विचारलं.

“यंदाच. जूनमध्ये.”

“मग त्याचं काय चुकलं? तुमचं सर्टिफिकेट अजून जन्मलेलंच नाही त्याच्या हिशेबानं. तो बिचारा प्रामाणिक आहे म्हणून जोडून घेत नाहीये.”

मगदूम सर मोठ्यानं हसले. सगळा हॉल आमच्याकडे वळला असणार, कारण खुर्च्यांचा आवाज एकदम थांबला.

कारण माझ्या एका क्षणात ध्यानात आलं. संगणकात बटणाएवढी बॅटरी असते, वीज नसताना घड्याळ चालू ठेवायला. आमची ती कधीच मेली असणार, आणि ते कळायला काही मार्गच नव्हता. आमच्या शाळेत दिवे कुणाला लागत नाहीत, म्हणून संध्याकाळी मावशी सगळ्या इमारतीचा मेन स्विच बंद करतात. तेव्हा घड्याळ रोज मरायचं. पण सकाळी शाळेचं नेट वायरीनं जोडलेलं असायचं, संगणक सुरू झाला की नेटवरून वेळ विचारून घ्यायचा आणि शहाण्यासारखा वागायचा. आणि पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ आमच्याकडे बघणार कोण? आम्ही मनगटावरचं घड्याळ उघडून काटे चाचपणार. आता इथं मात्र गाठ पडली होती. नेट नाही म्हणून वेळ नाही, आणि वेळ नाही म्हणून नेट नाही.

गाठ सोडवायला एक ओळ पुरली. मी माझ्या घड्याळाची काच उघडली, काट्यांवरून बोट फिरवलं, तारीख मगदूम सरांनी सांगितली, आणि दोन्ही टाइप केलं. मग कीबोर्ड शाहिनकडे सरकवला. हे मात्र मी ठरवून केलं.

“पासवर्ड तू टाक.”

तिनं टाकला. मी तिच्या बोटांचा आवाज ऐकत होते. एकही कळ चुकली नाही. एंटर. थोडी शांतता. या वेळी संगणकानं पासवर्ड मागितला नाही. हेडफोन शाहिनच्या कानाला होता, त्यामुळे तो काय म्हणाला ते मला कळलं नाही. मला फक्त तिचा हात माझा हात शोधताना कळला.

“जोडलं, बाई,” ती म्हणाली.

मगदूम सरांनी त्यांच्या लॅपटॉपवर पडताळलं. सगळ्यांसारखं, तपासणीसकट, शेऱ्याशिवाय. देशिंगे सर पुन्हा आले. मी ताठ बसले होते, आणि त्यांनी विचारायच्या आधीच म्हटलं, “झालं.” होतंय नाही, झालं. ते दोन पावलं दाराकडे गेले आणि शिपायाला म्हणाले, “बाहेरच्या त्या रायटरला सांगा, घरी गेलास तरी चालेल.” तेवढ्यात घंटा झाली.

मी बढाई मारतेय असं वाटलं तर वाटू दे. या नोकरीत मी खूप मुलींना शिकवलं, भाषणं दिली, एकदा शालही मिळाली, ती कपाटात आहे. पण ते वाक्य ऐकताना माझी छाती जी फुगली ती तशी पुन्हा कधी फुगली नाही.

परीक्षा चालू असताना मी त्याच बाकावर जाऊन बसले, जिथं तो रायटर बसला होता. मगदूम सर चहा घेऊन आले. त्यांना सगळं समजून घ्यायचं होतं. आवाज कोण बनवतं, गणिताची चिन्हं कशी वाचतो, मुली इतक्या वेगात कशा ऐकतात. जाताना म्हणाले, की आजपासून काही अडलं की मी आधी तारीख बघणार. आणि परीक्षा संपल्यावर त्यांच्याच ड्रॉवरमधली एक नवी बॅटरी आमच्या संगणकात घालून दिली, नको म्हटलं तरी ऐकलं नाही.

शाहिन बाहेर आली ती बडबडत. तीन तासांत जणू वर्षभराचं बोलणं साठलं होतं. एक प्रश्न तिनं पाच वेळा ऐकला, कुणी उसासा टाकला नाही. एक उत्तर दिलं, मग बदललं, मग पुन्हा पहिलंच ठेवलं. “माझी मर्जी,” ती म्हणाली. रिक्षात सीपीयू तिनं स्वतःच्या मांडीवर घेतला, मला धरूच दिला नाही.

निकाल दिवाळीनंतर लागला. मी शाळेत फोनवरून ऐकला. मराठीत उत्तम, सामान्य ज्ञानात उत्तम, गणितात गेली. थोडक्यात नाही, चांगलीच गेली. एकूण नापास.

मी लॅबमध्ये बसून रडले. मुली होत्या समोर, पण त्या कुठं बघणार होत्या. मला वाटलं, एवढं सगळं केलं आणि पदरात काय पडलं? शाहिनला काय तोंड दाखवू? तिला काय सांगायचं त्याची मनात जुळवाजुळव करत होते, पुढच्या वेळी गणित पक्कं करू वगैरे, तेवढ्यात तिच्या काठीची टकटक व्हरांड्यात ऐकू आली. डोळे पुसायला पदर शोधला.

ती आत आली आणि माझ्यासमोर टेबलावर एक खोकं ठेवलं. तुपाचा वास आला.

“पेढे,” ती म्हणाली.

“शाहिन, अगं निकाल...”

“ऐकला की. गणितात गेले.”

“मग हे कशाचे?”

“बाई, मागच्या वर्षी नापास झाले तेव्हा कोण नापास झालं ते मला आजपर्यंत कळलं नाही. मी का तो.” तिनं खोकं उघडून माझ्याकडे सरकवलं. “या वेळी मी झाले. एकेक चूक माझी आहे. अब्बांना सांगितलं, गल्लीत सांगितलं. आता तुम्ही गणित शिकवा.”

मी एक पेढा खाल्ला. मग मागून दुसरा घेतला, आणि मुलींना हाक मारून सांगितलं, या सगळ्या इकडे, आपली शाहिन नापास झालीय.